मागच्या सीटची तयारी

कोणाचीही गाडी उभी दिसली की आमच्या समोरच्या घरातले भाऊ आधी वाकायचे आणि मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहायचे. गाडीचा मालक बोलत असला तरी त्यांचा अंगठा थांबायचा नाही. मग हात झटकत, जमिनीकडे बघत म्हणायचे, "हवा कमी हाय. मागं माणूस बसते ना?" समोरच्यानं हो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मंग मागच्याचा इचार आधी कराले पाह्यजे. समोरचा कसाबी जाते."

हे मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ऐकलंय, दवाखान्याबाहेर ऐकलंय आणि एकदा एका मयतीच्या दारातही ऐकलंय. तिथं लोक खांदा द्यायला पुढे सरकत होते आणि हे कोणाच्या तरी मोटारसायकलशेजारी उकिडवे बसलेले. मी डोळे वटारले तेव्हा ओशाळून उठले आणि रुमालाला हात पुसत मुकाट चालू लागले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला दुसऱ्याची काळजी फार असते, पण ती त्या दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. वाटेत कुठल्यातरी नटबोल्टमध्ये अडकून बसते.

पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात ते आस्थापनेला आणि मी हिशेबाला. शिवाय वर्ध्याच्या नालवाडीत घरं समोरासमोर. त्यामुळे दिवसाचे बरेचसे तास हा माणूस माझ्या नजरेसमोर असे. अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाहीचा इस्त्रीचा शर्ट, आणि बाईमाणसाशी बोलताना नजर कायम खाली. मला ते "ताई" म्हणत, पण ते माझ्या चपलांना म्हणताहेत असंच वाटायचं. एरवी घुमे. गाडीचा विषय निघाला की मात्र कोणी आवरू शकत नसे. साहेबांनी एकदा बदलीच्या फायलीबद्दल विचारायला बोलावलं, तर हे साहेबांच्या स्कूटरचे ब्रेक कसे घासताहेत ते सांगून परत आले. फाईल तशीच हातात.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांनी जुनी शंभर सीसीची गाडी विकली आणि लांब पल्ल्याची, चांगली रेड्याएवढी मोटारसायकल आणली. सगळी गल्ली बाहेर आली. गाडी स्टँडवर चढवताना ते स्वतःच जवळजवळ उचलले गेले. कोणीतरी म्हणालं, "दादा, या वयात?" त्यांचे कान लाल झाले.

"अजिंठ्याले जाचं हाय," ते म्हणाले. "हिले नेतो म्हटलं होतं."

त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी एक जुन्या कॅलेंडरमधलं चित्र काच लावून टांगलेलं होतं. अजिंठ्याच्या भिंतीवरचा तो कमळ धरलेला, खाली पाहणारा बोधिसत्त्व. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलानं विचारलं होतं, तुम्हाला कुठं फिरायला आवडेल? मुलगी म्हणाली होती, अजिंठा. आणि गाडीवर. त्या काळी मुलाकडे सायकल होती. पुढे त्यांना लेक झाली, आईबापांची दुखणी झाली, घर झालं. वहिनींनी पुन्हा कधी विषय काढला नाही, पण चित्रावरची धूळ त्या रोज पुसत. "त्याची नजर खाली काऊन हाय, ते मले जवळून पाहाचं हाय," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

आता गाडी आली म्हणजे निघायचंच की! पण तसं नव्हतं. तयारी करायची होती.

तयारी म्हणजे काय, ते आम्ही रोज पाहत होतो. रविवारी सकाळपासून अंगणात पोतं अंथरलेलं. साखळीला तेल, ब्रेकची तपासणी, मागे सामानाचं लोखंडी स्टँड, दोन्ही बाजूंना कुलूप लागणारे मोठे डबे. डाव्या बाजूचा डबा बसेना, कारण तिथं साडी गार्ड होतं. मागे साडी नेसून बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती जाळी असते. त्यांनी ती काढून टाकली.

"साडी गार्ड काऊन काढलं?" वहिनींनी पायरीवरून विचारलं.

"डब्याले जागा पाह्यजे ना."

"अन् माह्या साडीले?"

"धरून बसजो थोडी," ते पाना फिरवत म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

मग मागचे शॉकॲब्सॉर्बर आले. मागे माणूस बसणार म्हणजे स्प्रिंग किती घट्ट करायची, ते त्याच्या वजनावर ठरतं. यांनी बायकोला वजन विचारलं. बायकोनं अर्थातच सांगितलं नाही. तेव्हा यांनी गावाहून आलेली तुरीची गोणी उचलली, मागच्या सीटवर उभी ठेवली, दोरीनं बांधली आणि नालवाडीभर चकरा मारायला लागले. गतिरोधकावरून जाताना मान तिरकी करून मागची स्प्रिंग ऐकायचे. कोणी हाक मारायचं, "दादा, वहिनी बारीक झाल्या काय हो?" हे खाली मान घालून हसायचे. पुढच्या आठवड्यात गोणीत थोडी तूर आणखी ओतली. ते पाहून वहिनींनी दार लावून घेतलं.

गोणी मागे बसायची, पडायची नाही, बोलायची नाही. हे गाडी चालवता चालवता तिच्याशी बोलायचे, हे मी स्वतः ऐकलंय. "आता खड्डा येते हं," असं सांगायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न आलं. गाव रोहणा, आर्वी तालुक्यात. यांनी ठरवलं की अजिंठ्याच्या आधीची ही रंगीत तालीम. बाकी सगळे पुलगाववरून गेले, हे आर्वीवरून निघाले, कारण आर्वीच्या बाजारातून हार घ्यायचे होते आणि गाडीला जास्तीचा रस्ताही दाखवायचा होता. दोन्ही डब्यांत आंदणाची स्टीलची भांडी ठासून भरलेली. वहिनी नव्या साडीचा घोळ मुठीत धरून मागे बसल्या. दोघांच्या डोक्यावर तोंड झाकणारी मोठी हेल्मेटं.

आम्ही ऑफिसचे लोक जीप करून आधीच मंडपात पोचलो होतो. सरबत पीत उभे होतो तेव्हा गाडी आली. सगळ्यांनी माना वळवल्या, कारण गाडी होतीच तशी. नवरीचे मोठे बाबा, म्हणजे हे थोरले काका, मंडपाच्या तोंडाशी थांबले. दोन्ही पाय टेकवले. उतरणाऱ्याला सोपं जावं म्हणून गाडी जराशी डावीकडे झुकवली आणि मान न वळवता, हेल्मेटच्या आतून मोठ्यानं म्हणाले, "उतर. हळू. सायलेन्सर तापलं हाय, पाय लावजो नोको."

गाडी झुकलेलीच राहिली. मागे कोणीच नव्हतं.

"उतरली?" त्यांनी विचारलं.

मंडपात आवाज बंद झाला. मग त्यांची एक म्हातारी आत्या म्हणाली, "कोणाले उतरवून राह्यला रे बाबू?"

त्यांनी मान वळवली. आधी सीटकडे पाहिलं. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला वाकून पाहिलं, जणू बायको तिकडे कुठं लोंबकळत असेल. मग आल्या रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात मंडप फुटला. पोरं जमिनीवर लोळली, आचारी झारा घेऊन बाहेर आला. हसणाऱ्यांत मीही होते, उगाच खोटं कशाला सांगू? हेल्मेटची काच वर होती, त्यामुळे आत फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे कोणाकडे पाहावं हे न समजून सगळ्यांकडे पाहत होते. "आर्वीच्या पंपावर उतरलती ती," एवढंच बोलले. "मी सारा रस्ता बोलत आलो तिच्यासंग. बरी बसली ना, असं इचारलंबी." त्यावर हशा आणखी वाढला. यांनी गाडी वळवली आणि आंदणाच्या भांड्यांसकट आर्वीकडे सुटले.

थोड्या वेळानं वाजतगाजत वऱ्हाडाची बस आली. अमरावतीकडचं वऱ्हाड होतं. ते डिझेल भरायला आर्वीच्या त्याच पंपावर थांबलं होतं. बसच्या दारातून सगळ्यात आधी कोण उतरलं असेल? आमच्या वहिनी. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात साडीचा घोळ. स्वागताला उभ्या असलेल्या मुलींनी सवयीनं त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, फूल दिलं, मग ओळखलं. नवरीची मोठी आई वऱ्हाडातून आली म्हणून पुन्हा हशा. वहिनीही हसल्या. बाई धीराची. पण हेल्मेट ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती, आणि त्यांचा फोन नवऱ्याच्या गाडीच्या डब्यात भांड्यांखाली वाजत असणार.

ते परत आले तेव्हा लग्न लागून गेलं होतं. त्रिशरण झालं, मंगल परिणय झाला, फुलं पडली. लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेल्या पुतणीच्या लग्नात मोठे बाबा पंपाजवळच्या शेतांतून बायकोचं नाव घेत फिरत होते. मंडपाच्या कडेला हेल्मेट पोटाशी धरून ते उभे राहिले. कोणी जेवायला बोलावलं तर "आलोच" म्हणायचे आणि तिथंच. वहिनी पंगतीत वाढत होत्या. त्यांच्यापर्यंत वाढत आल्या, आणि भाजीचं भांडं दुसऱ्या बाईच्या हातात देऊन परत फिरल्या.

येताना वहिनी आमच्या जीपमध्ये बसल्या. पुलगाव मागे पडलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "इसरले त्याचं काही नाई, ताई. माणूस इसरते. मी मागून दोन हाका मारल्या, त्या नाई ऐकू आल्या, त्याचंबी काही नाई. पण यायनं मले इचारलं, बरी बसली ना. अन् मी काही बोलली नाई, तर यायले काही वेगळं वाटलं नाई."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"गोणीची सवय झालती," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. हसताहेत की काय ते कळेना. जीपच्या मागे, धूळ खात, ती मोठी गाडी येत होती.

आता वर्ध्यासारख्या गावात अशी गोष्ट लपते थोडीच. सोमवारी ऑफिसच्या फाटकावरच शिपायानं विचारलं, "दादा, वहिनीले घेतलं ना संग?" चहावाल्यानं विचारलं. पंपावर तर पेट्रोल भरणारी मुलगी टाकी बंद करताना, "काका, मोजून घ्या हं माणसं," म्हणाली. ते चिडले असते तर लोक दोन दिवसांत थकले असते. पण ते चिडत नव्हते. प्रत्येकाला मान खाली घालून, "बरोबर हाय तुमचं," म्हणायचे. त्यामुळे हसणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. चाकं दाबायचीही त्यांनी बंद केली. एकदा माझ्या स्कूटीजवळ वाकले, अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. "मागच्याचा विचार आधी" हे आता कोणत्या तोंडानं म्हणणार? तुम्हाला सांगते, इतका लाजलेला माणूस समोरच्या घरात असला की आपल्यालाही आपलं दार उघडताना अवघडल्यासारखं होतं.

वहिनींनी भांडण केलं नाही. चहा दिला, डबा दिला, डोकं दुखलं तर बामही दिला. फक्त गाडीवर बसल्या नाहीत. "मी ऑटोनं जातो," "मी एसटीनं जातो," एवढंच. आर्वीला बहिणीकडे निघाल्या तेव्हा हे गाडी काढून उभे. त्या समोरून बस स्टँडकडे चालत गेल्या. हे बसच्या मागोमाग आर्वीपर्यंत गेले. वहिनी शेवटच्या सीटवर होत्या. मागच्या काचेतून सगळ्या बसला हा माणूस दिसत होता, रिकाम्या सीटसकट. "लाज वाटली मले," वहिनी नंतर म्हणाल्या. "लोक म्हणे, हा कोण मागं लागला बाईच्या. सांगावं तरी काय?"

"मग बसा ना आता गाडीवर. किती दिवस?"

"बसून काय करू? गोणी हाय ना." मग भिंतीवरच्या चित्राकडे हात करून म्हणाल्या, "याची नजर खाली काऊन हाय ते पाहाले जाणार होती. माह्या घरच्याची काऊन खाली हाय, ते तर साऱ्या नालवाडीले माहीत हाय."

तेव्हा भाऊंनी दुसरी तयारी सुरू केली. आधीच्या तयारीला सगळी गल्ली साक्षीदार होती, ही मात्र फाटक लोटून चाले. डावा डबा काढला. साडी गार्ड परत बसवलं, पहिल्यापेक्षा मोठं. मागची सीट रुंद करून आणली. पाठ टेकायला गादीचा टेका लावला. वहिनींचा डावा गुडघा दुखतो, म्हणून पाय ठेवायचे खुंटे खाली घेतले. आणि एका रविवारी फाटकाबाहेर येऊन, माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "ताई, एक काम होतं. तुमची अन् हिची उंची सारखीच हाय. जरा बसून पाहता काय?"

परक्या माणसाच्या गाडीवर, भर सकाळी, अंगणात! पण चेहरा असा झाला होता त्यांचा की नाही म्हणवेना. गाडी मधल्या स्टँडवर होती. मी चढले. स्वयंपाकघराच्या खिडकीत भांड्याचा आवाज थांबला. ते खाली बसून पाना फिरवत होते.

"गुडघा दुमडते काय जास्त?"

"थोडा."

"आता?"

"आता बरं आहे. भाऊ, हे तुम्ही वहिनींनाच विचारा ना. गुडघा त्यांचा, बसणार त्या."

पाना थांबला. "तिले इचाराले तोंड नाई माहं," ते म्हणाले. "लोकायचं काही वाटत नाई, ताई. लोक हसते, हसू दे. पण मी बोललो अन् ती बोलली नाई, अन् मले काही वाटलंच नाई. म्हंजे आधीबी ती किती वेळा बोलली नसंन... मंग मी कोणासंग बोलून राह्यलो होतो इतके वर्षं?"

ते खुंट्याकडेच पाहत होते. मी त्या उंच सीटवर दोन्ही पाय लांबवून बसलेली, आणि माझ्या पायाशी एक माणूस एवढं मोठं दुःख पान्याच्या टोकाशी धरून बसलेला. मला जागेवरून उतरताही येईना. असं कधी कोणाच्या लाजेच्या इतकं जवळ बसू नये.

काही दिवसांनी त्यांच्या मुलीनं पुण्याहून दोन हेल्मेटं पाठवली. आत माईक आणि कानाशी स्पीकर. पुढच्याला आणि मागच्याला चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलता येतं. मी पीठ चाळायची चाळणी परत करायला गेले होते, तेव्हा वहिनी ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ते हेल्मेट होतं. मी दारातच हसत सुटले.

"हसू नका, ताई," आतून आवाज आला. "हे बाहेर गेले. आवाज कुठवर येते ते पाहून राह्यले. मले म्हणे घरातच बस, गाडीवर नको बसू, पण डोक्यावर घाल. इतकं हात जोडून म्हणाले. घातलं." मग एकदम नवऱ्याला, "हो, येते ऐकू. ताई आल्या. हो."

उकडत असावं. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर उलटं, पातेल्यासारखं धरलं. आतून भाऊंचा बारीक आवाज येत होता. आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू येई.

"आता दुकानापाशी आलो," आवाज म्हणाला. "एकदम सही येऊन राह्यला तुझा आवाज."

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मिटलं. माझ्याकडे पाहिलं. ओठावर बोट ठेवलं.

मला समजलं त्या काय करताहेत ते, आणि मी चाळणी हातात धरून तिथंच खाली बसले.

"सीटचं रेक्झिन काळं हाय," आवाज सांगत होता, "उन्हात तापन ते. त्याच्यावर सुती कापड शिवून घेऊ. अकोल्याच्या पुढं ऊन लय राह्यते. अन् तुह्या पाठीच्या टेक्याले आणखी थोडा फोम टाकतो, तुले कंबरेचं..."

वहिनी हेल्मेटकडे टक लावून बसल्या होत्या. मेथीची काडी हातात तशीच. मी मनात म्हणत होते, अहो, थांबा. गप्प बसा. ऐका जरा. कोणाला तरी परीक्षेत नापास होताना पाहावं आणि उत्तर सांगता येऊ नये, तसं झालं. आणि दुसऱ्याच्या घरातलं हे असं ऐकत बसल्याची शरमही वाटत होती, पण उठवेना.

"...पाण्याची बाटली तुह्या हाताशीच ठेवू. मांगून घ्याची गरज नाई. अन् एका दमात जाचं नाई, खामगावले थांबू, पाय मोकळे..."

आणि आवाज थांबला.

"अव," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "अव, हायेस ना?"

वहिनी बोलल्या नाहीत. हेल्मेटमधून फक्त इंजिनची घरघर. मग ब्रेकचा आवाज, आणि मग इतक्या जोरात गाडी वळली की ती हेल्मेटमधूनही ऐकू आली आणि चौकाकडूनही.

ते आत आले ते बुटांसकट. डोक्यावर हेल्मेट तसंच. ज्या स्वयंपाकघरात हा माणूस चपला कधी आणत नसे, तिथं धूळभरल्या बुटांनी उभं राहून, धापा टाकत, त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. सरळ. त्यांची नजर अशी एका माणसावर ठरलेली मी प्रथमच पाहिली.

"आवाज गेला तुहा."

"गेला नव्हता. मी बोलली नाई."

त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग समजलं त्यांना. चेहरा पडला.

"कवा समजलं?" वहिनींनी विचारलं.

आता कोणीही म्हणालं असतं, लगेच. मीही म्हणाले असते. तेवढं खोटं चालतं संसारात. पण ते म्हणाले, "लगेच नाई समजलं." नजर पुन्हा फरशीवर गेली. "रेक्झिनचं बोललो. फोमचं बोललो. बाटलीचंबी बोललो. मंग समजलं." आणि अगदी हळू, "चुकलंच पुन्हा."

वहिनींनी मांडीवरचं हेल्मेट सरळ केलं.

"खामगावचं राह्यलं सांगाचं," त्या म्हणाल्या. "मी ऐकून राह्यलती सारं."

पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी चाळणी ठेवली आणि घरी आले. दार लावून थोडा वेळ नुसती उभी राहिले. संध्याकाळी वहिनी पायरीवर आल्या आणि समोरूनच म्हणाल्या, "ताई, गुरुवारी निघून राह्यलो आमी. दुधाची पिशवी घेऊन ठेवजा."

आता ते दोघं निवृत्तीनंतर रोहण्याला राहायला गेलेत. समोरच्या घरात नवीन भाडेकरू आहेत, त्यांच्या स्कूटीच्या मागच्या चाकात कधीच हवा नसते आणि सांगायला कोणी नाही. माझ्या आठवणीत ते येतात ते मात्र त्या गुरुवारच्या सकाळचे.

सगळी गल्ली दारात. चेष्टेखोर तर पहाटेपासून तयार होते. वहिनी बाहेर आल्या, नवी साडी, पायात मोजे, डोक्यावर हेल्मेट. खुंट्यावर पाय देऊन चढल्या, टेक्याला पाठ टेकली. कोणीतरी ओरडलंच, "दादा, घेतलं काय वहिनीले?"

ते नेहमीप्रमाणे "बरोबर हाय तुमचं" म्हणाले नाहीत. त्यांनी डावा हात मुठीवरून काढला, मागे नेला, आणि सगळ्यांच्या देखत वहिनींच्या गुडघ्यावर ठेवला. पोरीच्या लग्नातही बायकोशेजारी हातभर अंतर ठेवून फोटो काढलेला माणूस. ओरडणारा दोन पावलं मागे सरकला.

"हात काढा," हेल्मेटच्या आतून वहिनींचा आवाज आला. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," ते म्हणाले.

वहिनींनी लाजून तोंड दुसरीकडे फिरवलं, पण हात बाजूला केला नाही. क्लच दाबायला तो त्यांना काढावाच लागला. गाडी निघाली. साडी गार्डवर पदर नीट बसला होता. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. चौकात गाडी वळताना हळू झाली, आणि तो डावा हात पुन्हा मागे गेला.